हळव्या डोक्याची पोर

मित्रांनो, मी एक जुना, विरळ दातांचा लाकडी कंगवा आहे. माझे नऊ दात आहेत. पूर्वी दहा होते. माझे आयुष्य ऐकण्याजोगे आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण दहावा दात कसा गेला, तेवढे सांगावेसे वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या अलाबामातल्या एका काळ्या सुताराने मोडक्या खुर्चीच्या पायातून मला कोरले. त्याची लेक वर्लीन शिकायला उत्तरेकडे क्लीव्हलंडला निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या शिदोरीच्या खोक्यात, तळलेल्या कोंबडीशेजारी ठेवले. पुढे कित्येक महिने मला तोच वास येत होता.

वर्लीन समाजसेविका झाली. घरचे माणूस आजारी पडले किंवा गेले, की मुले सरकारी कचेरीच्या ताब्यात येत. तिथल्या आमच्या काळ्या मुलांची विचारपूस ती करी. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात ती वस्तीतल्या बायकांना जमवी. बायका या मुलींच्या वेण्या घालत आणि घालता घालता आपल्या आज्यांच्या, मागे सोडलेल्या गावांच्या गोष्टी सांगत. विस्कटलेले डोके घेऊन कुणी आली, की त्यांतल्या थोरल्या मिस लुटीशा विचारत, "काय गं, वाऱ्याशी भांडून आलीस? आणि हरलीस वाटतं." पोर हसे, आणि ती हसत असतानाच मी अर्धे डोके विंचरलेले असे. तिथे माझे फार कौतुक होई.

त्याच दिवसांत ओडेला आली. वय वर्षे सात. तिला वाढवणारी आजी, जिला सारे बिग मामा म्हणत, अर्धांगाने इस्पितळात पडली होती. पोरीला कचेरीने एका बालगृहात ठेवले. बिग मामाने नर्सकडून दोन ओळींची चिठ्ठी लिहवून कचेरीत पाठवली: "पोरीचं डोकं हळवं आहे. स्वयंपाकघराला सगळ्यात शेवटी हात लावा."

मित्रांनो, केस ओढले की ज्याला फार दुखते, त्याला आमच्या लोकांत हळव्या डोक्याचा म्हणतात. आणि मानेवरच्या बारीक, गुंतलेल्या केसांना म्हणतात स्वयंपाकघर. का म्हणतात, ते मलाही ठाऊक नाही. कचेरीतल्या गोऱ्या कारकुनाला तर त्याची कल्पनाच नव्हती. त्याने नोंद केली: बुद्धी कमकुवत, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. बालगृहात तिचे केस बारीक दातांच्या फणीने मुळापासून ओढले गेले. ती चावली. मग "चावते" हेही कागदावर आले. गुरुवारी कचेरीची समिती बसणार होती आणि ओडेलाला दोनशे मैलांवरच्या, मंदबुद्धी मुलांच्या आश्रमात धाडणार होती. तिथे गेलेली मुले सहसा परत येत नसत.

वर्लीनने तो कागद आणि त्याला जोडलेली चिठ्ठी वाचली आणि आधी ती हसली. मग चष्मा पुसून तिने तो कागद पुन्हा वाचला.

गुरुवारी तिने समितीपुढे पोरीला आणायला लावले. टेबलाशी एक बुटके स्टूल मांडले, मागे आपली खुर्ची ओढली आणि मला पिशवीतून काढले. मला पाहताच ओडेलाने दोन्ही हातांनी डोके झाकले.

"बाळा, हात लावू का?" वर्लीनने विचारले.

पोर हात न काढता पुटपुटली, "टोकापासून?"

"टोकापासूनच. आणि स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी."

ओडेलाने हात खाली घेतले आणि डोके तिच्या गुडघ्याला टेकवले.

तीन महिन्यांचा गुंता होता तो. वर्लीनने एकेक बट मुळाशी मुठीत घट्ट धरली आणि मला टोकाकडून हळूहळू वर नेले. सगळी ओढ तिच्या मुठीला आणि मला बसत होती; पोरीच्या डोक्यापर्यंत काही पोहोचत नव्हते. मानेजवळच्या एका गाठीशी माझा दहावा दात कट्कन मोडला. ओडेलाला कळलेसुद्धा नाही. ती टेबलाच्या कडेला पडलेला कागद वाचत होती.

"मिस वर्लीन," ती म्हणाली, "इथं 'कमकुवत' लिहिलंय. कोण कमकुवत आहे?"

समितीच्या अध्यक्षांनी मान वर केली. "हिला वाचता येतं?"

"बिग मामा वेणी घालताना रोज बायबल वाचून घेते माझ्याकडून," ओडेला म्हणाली. "अडखळले, तर वेणी घट्ट घालते."

अध्यक्षांनी तो कागद पुढे ओढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. ओडेला त्या दिवशी वर्लीनबरोबर तळघरात आली, मिस लुटीशांच्या घरी राहिली आणि वसंतात बिग मामा काठी टेकत घरी परतली, तेव्हा तिच्याकडे गेली.

वर्लीन वारल्यावर लोकांनी मला तळघरातच काचेच्या पेटीत ठेवले. खाली लिहिले: हात लावू नये. मान मोठा होता, मी नाही म्हणत नाही. पण बावीस वर्षे मी एका केसाला शिवलो नाही. लाकूड तेलावाचून सुकते, मित्रांनो.

आता तळघर ओडेलाच सांभाळते. तिचे केस पांढरे झाले आहेत. गेल्या शनिवारी एक गोरा माणूस आला. त्याने नुकतीच सांभाळायला घेतलेली काळी मुलगी टोपी कानांपर्यंत ओढून त्याच्यामागे लपली होती. तो ओशाळून म्हणाला, की ही डोक्याला हातच लावू देत नाही, माझं काय चुकतंय? ओडेलाने पेटी उघडली, मला तेल चोळले आणि त्याच्या हातात दिले. "आधी तिला विचारा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणाच्या डोक्याला हात लावण्याआधी विचारा. टोकापासून सुरुवात करा, मुळाशी मुठीत धरा, म्हणजे ओढ तुम्हाला बसेल, त्याला नाही. आणि मला पेटीत परत ठेवू नका. एखादा दात गेला तर जाऊ द्या. अजून नऊ आहेत.