माझ्यासमोरची वाटी

“उस्ताद, एक घास घेऊन सांगा ना यांना,” हेरोनिमो न्हावी म्हणाला. “मासा कसाय?”

त्याच्याबरोबर मेहिकालीहून आलेला व्याही होता. आमच्या एन्सेनादा बंदराचा मासळी टाको तो जन्मात पहिल्यांदा खाणार होता. रविवारचा बाजार भरलेला, एलोदियाच्या टाकोच्या गाडीपुढे वीसेक माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडाकडे.

डबाबंद मासळीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मासा हुंगून पास-नापास केला. फिदेन्सियोचं नाक म्हणजे सरकारी शिक्का, असं वस्तीत म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका तापात ते नाक गेलं. वास गेला, चवही गेली. तिखट तेवढं जिभेला झोंबतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलीलाही नाही. नाक गेलं तर माझ्याकडे उरतं काय? पेन्शन आणि गुडघेदुखी.

मी टाको उचलला. मक्याची गरम पोळी, पिठात बुडवून तळलेली मुशी, वर कोबी आणि लिंबू. नेहमीप्रमाणे समोरच्या वाटीतली लाल चटणी भरपूर ओतली आणि घास घेतला. तोंडात आग पेटली, बाकी नुसता कापूस.

‘छान आहे’ म्हणून मोकळा झालो असतो. पण छान काय, कोणीही म्हणतं. खोट काढली की माणूस जाणकार ठरतो. पाहुण्यासमोर मला तीच हौस नडली.

“कालचा आहे,” मी म्हणालो.

पाहुण्याने हातातली बशी हळूच खाली ठेवली. एलोदियाने कढईवरून मान वर केली. ती माझ्या मुलीची, नोएमीची, धर्ममाता; त्या नात्याने मला कोंपाद्रे म्हणते, सख्ख्या बहिणीच्या वरची. आता ही माझी बिनपाण्याने करणार, म्हणून मी जरा कडेला सरकलो.

“असेल हो, कोंपाद्रे,” ती म्हणाली. “चुकलं माझं.” आणि तिने गॅस बंद केला.

हेरोनिमोच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं.

घरी नोएमी भांडी आपटत होती. “बाबा, तो मासा मी दिला होता तिला. सकाळी सहाला, आपल्याच होडीतून उतरवून. शेपटी हलत होती त्याची! आणि कालचा म्हणे. काय झालं होतं काय तुम्हाला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि “तेल जुनं असेल,” असं काहीतरी पुटपुटलो. म्हणजे लाजेने खाली घातलेल्या मानेनेसुद्धा मी पुन्हा एलोदियावरच ढकललं.

पुढच्या रविवारी गाडीपुढे चार माणसं होती. एलोदिया चिरलेलाच कोबी पुन्हा चिरत होती. हेरोनिमो शेजारच्या कोळंबीवाल्याकडे उभा होता. मी मध्ये जाऊन मोठ्याने म्हणालो, “ऐका! मागल्या रविवारी मासा ताजा होता. मीच खोटं बोललो. दोन वर्षं झाली, मला वासच येत नाही.”

हेरोनिमोने मान डोलावली. “बघा! याला म्हणतात मन. बिचारीचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून उस्ताद स्वतःच्या अंगावर घेतायत.”

“देवमाणूस,” एक बाई म्हणाली.

त्यापेक्षा तिने कानाखाली ठेवून दिली असती तर बरं. समोरच्या मासळीवाल्याकडे आतड्यांची बादली उन्हात तापत होती, वर माश्या घोंगावत होत्या. मी ती उचलून आणली, नाकाशी धरली आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. बाईने नाक दाबलं. हेरोनिमोला उबळ आली, तो गटाराकडे पळाला. मला कसला म्हणजे कसला वास येत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते वासाने आलेलं नव्हतं.

आता कोणी देवमाणूस म्हणालं नाही. कोणी हसलंही नाही.

“पुरे,” एलोदिया म्हणाली. तिने माझ्या हातातली बादली काढून घेतली, जागेवर ठेवून आली, साबणाने हात धुतले आणि कढईत मासा सोडला. थोड्या वेळाने हेरोनिमो तोंड पुसत आला. “मला दोन द्या,” तो खाली बघत म्हणाला.

एलोदियाने आमच्या दोघांच्या बशा ठेवल्या. माझ्या बशीशेजारी तीच लाल वाटी होती. मी चटणी घेतली आणि वाटी हेरोनिमोकडे सरकवली.

“ती नको, मरेल तो!” तिने वाटी झटकन परत ओढली. “ती तुमची आहे.”

“माझी?”

“दोन वर्षं झाली, तुमच्यापुरती दुप्पट मिरच्यांची वेगळी चटणी वाटते मी. माझा पार करपलेला मासा तुम्ही मिटक्या मारत खाल्लात ना, तेव्हाच कळलं होतं मला.” तिने कढईत झारा फिरवला. “खा आता. गार होतोय.”

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि तरीही वीस माणसांसमोर ती ‘चुकलं माझं’ म्हणाली होती.

मी मान खाली घालून खाल्लं. खाऊन झालं की बाकीच्यांना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून निघायचं, ही आमच्याकडची रीत. मला ते म्हणता येईना. रिकामी बशी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.