शेकाट्यांचा रोल

दाक्षायणीला अक्कलकोटला दिली ती बहात्तरच्या दुष्काळात. व्याह्यांच्या पानातही रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी वाढावी लागली होती. सासरी निघताना पोरीनं बापाकडं एकच मागितलं, "अप्पा, अव्वाचा एक फोटो द्या."

बाप फोटोग्राफर आणि घरात आईचा फोटो नाही! सोलापुरात गुरप्पाला बोलावणी यायची ती मयताची. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला विभूती लावून, हार घालून बसवतात. तो शेवटचा फोटो गुरप्पा काढायचा.

फिल्म तेव्हा सहजी मिळत नसे. एक रोल हाती आला, तसा तो बायकोला, कमलम्माला घेऊन हिप्परग्याच्या तळ्यावर गेला. स्टुडिओतल्या पडद्यापुढं बसलं की तिचा खोकला वाढायचा.

तळं आटून चिखल उघडा पडला होता. त्यात लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी उतरले होते. गुरप्पा बघतच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या कॅमेऱ्यापुढं असं हलतं-बोलतं काही आलं होतं.

"अवो, मी हितं बसलेय," बांधावरून कमलम्मा म्हणाली.

"थांब गं. ही उडून जातील. तू कुटं जातीस?"

"मला उडता आलं असतं तर तुमच्यात नांदले असते व्हय?" ती हसली, मग खोकत राहिली. "काढा, काढा. पाय बघा की त्येंचे, कुंकवात बुडवल्यावानी!"

गुडघाभर चिखलात शिरून त्यानं सगळा रोल संपवला.

"म्होरल्या रोलला तुजा पैला."

"व्हय, व्हय."

पुढचा रोल आला तेव्हा कमलम्माला भिंतीला टेकवून बसवलं होतं.

"गुरप्पा, तुजं तुलाच काढावं लागंल की," भावकीतला सिद्धाप्पा म्हणाला.

त्यानं काढला. फोटो चांगला आला.

माहेरी आलेल्या दाक्षायणीनं तो हातातही घेतला नाही. "ह्यात अव्वा न्हाय. तळ्यावर गेला हुता, तवाचे दावा."

गुरप्पानं ते फोटो टेबलावर मांडले. त्याचा कॅमेरा समोर बसलेल्या माणसासाठी. लांबचे शेकाटे नुसते ठिपके झाले होते, भाकरीवरच्या तिळाएवढे. बाकी चिखल आणि आभाळ.

"अव्वा कुटं बसली हुती?"

त्यानं एका फोटोवर बोट ठेवलं आणि उजवीकडं सरकवत नेलं. बोट कागदावरून उतरलं, टेबलाच्या लाकडावर आलं, वीतभर पुढं जाऊन थांबलं.

"हितं."

कमलम्मा त्र्याहत्तर सालच्या शिमग्यात, राहत्या घरी वारली.