‘चावीवाला’ला आलेला भाव

आबांवर व्हिडिओ गेम विकत घ्यायची वेळ आली ती सत्तरी उलटल्यावर. गेम पोटच्या मुलीनेच बनवलेला, आणि घ्यायचा तोही सेकंडहँड.

मुलीला घरी सगळे खारू म्हणत. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून पडलेलं नाव, ती चाळिशीला टेकली तरी सुटलं नव्हतं. खारू, तिची प्रोग्रामर मैत्रीण आणि गेममधले आवाज नि संगीत करणारा एकजण, ज्याला त्या दोघी आवाजवालाच म्हणायच्या, अशा तिघांनी टायरच्या दुकानावर खोली भाड्याने घेतली होती आणि तिथे चार वर्षं घासून एक गेम तयार केला होता. त्याचं नाव ‘चावीवाला’. डोंगरउतारावरचं गाव, टाकीत पाणी बेताचं, आणि खेळणाऱ्याने व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत हिंडायचं. कुणाला आधी, कुणाला किती, हे त्यानेच ठरवायचं आणि लोकांच्या शिव्याही त्यानेच खायच्या.

आबांनी पाणीखात्यात उभा जन्म हेच काम केलं होतं, त्यामुळे खारूने हे कुठून उचललं ते सांगायला नको. आबांनी मात्र गेम एकदाही खेळून पाहिला नव्हता. “त्या बटणांवर माझी बोटं चालत नाहीत,” म्हणायचे. खरी गोष्ट वेगळी होती. आपल्या कामाचा खेळ झालेला बघायची त्यांना धास्ती वाटत होती.

गेम डिस्कवर, छान डबीतून बाजारात आला. पेपरात खारूचा फोटो छापून आला. मग एक दिवस ती घरी आली ती तोंड पाडूनच.

“आबा, चौकापलीकडे जुन्या गेमचं दुकान आहे बघा, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. त्याच्या काचेत आमच्या तीन डब्या लागल्यात. निम्म्या किमतीत!”

“मग बरंय की. लोक घेतील.”

“घेतील हो, पण आम्हाला काय त्याचं? नवी डबी खपली की त्यातलं थोडं आमच्या हाती पडतं. जुनी विकली की विकणाऱ्याला मिळतं, दुकानाला मिळतं, आम्हाला दमडी नाही. आणि जुनी घेणारा नवी कशाला घेईल?”

खारूकडे तोडगाही तयार होता. “तुम्ही जा आणि त्या तिन्ही उचलून आणा. मी गेले तर पेपरातल्या फोटोवरून ओळखतील.”

“आपणच बनवलेलं आपणच विकत घ्यायचं?”

“तेवढ्या तीनच आहेत, आबा. त्या गेल्या की वाट मोकळी.”

मुलीसाठी माणूस काय काय करतो. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुकान बोळासारखं अरुंद होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डब्या, कोपऱ्यात गेम चालवून बघायला एक टीव्ही आणि त्याच्यासमोर उसवलेली खुर्ची. गल्ल्यावर पन्नाशीच्या एक बाई, चष्मा केसांवर चढवलेला. त्या एक डिस्क दिव्यासमोर धरून ओरखडे बघत होत्या, आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे अशी पुसत होत्या.

“तिन्ही देऊ?” त्यांनी विचारलं.

“हो. भाच्यांसाठी.”

“तीन भाचे?”

“दोन जुळे,” आबा म्हणाले, आणि घाबरून पुढे जोडलं, “एक सुटा.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि डब्या पिशवीत घातल्या.

तिन्ही डब्या घरी माळ्यावर, पांघरुणांच्या ट्रंकेत गेल्या. खारूचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या आठवड्यात काचेत पुन्हा तीन होत्या. आबा पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. आता बाई त्यांना ओळखायला लागल्या होत्या, खुर्ची पुढे करायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या. “भाचेकंपनी वाढतेय वाटतं, काका,” म्हणायच्या. आबा मान डोलवायचे आणि घामाघूम होऊन बाहेर पडायचे. “नवीन आल्या तर तुमच्यासाठी बाजूला ठेवते,” असं बाई एकदा म्हणाल्या, तेव्हा काय बोलावं न सुचून आबांनी “ठेवा” म्हणून शब्द देऊन टाकला.

मग एक दिवस दुकानाच्या दारावर पुठ्ठा लागला. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘चावीवाला’ पाहिजे. जास्तीत जास्त भाव देऊ.

आबांनी हे संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हा प्रोग्रामर मैत्रीण जेवायला आलेली होती. तिचा घास हातातच राहिला.

“खारू, अगं हे आपण केलंय! आपण उचलतोय म्हणून तिला वाटतंय की गिऱ्हाईक तुटून पडलंय. म्हणून ती जास्त भाव देतेय. आणि भाव मिळतोय म्हटल्यावर, ज्याने डबी कपाटात जपून ठेवली असती तोही विकायला निघालाय.”

खारूला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “म्हणजे आपल्याच पैशाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आबा, आता एकसुद्धा घेऊ नका.”

“घेत नाही,” आबा म्हणाले. “पण बाजूला ठेवलेल्या तेवढ्या आणाव्या लागतील. शब्द गेलाय.”

खारूने कपाळावर हात मारला, पण वडिलांच्या शब्दापुढे तिचं कधी चाललं नव्हतं.

आबा गेले तेव्हा दुकानात आणखी एक बाई उभी होती. शेजारच्या गल्लीत लाँड्री चालवणारी, हात उकडल्यासारखे लाल झालेले. गल्ल्यावरच्या चार डब्यांकडे बघून तिचा चेहरा खुलला.

“आला की! देऊन टाक पटकन.”

“या काकांच्या भाच्यांसाठी ठेवल्यात,” दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

“चारी? अगं मागच्या वेळीही हेच. त्याच्या आधीही.” लाँड्रीवाली आबांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “काका, मोठ्या दुकानातला नवा मला झेपत नाही हो. मी इथला एक नेते, दिवसभर मशीनच्या धगीत उभी राहिल्यावर संध्याकाळी तेवढाच विरंगुळा. संपला की परत देते, दुसरा नेते. हा गेम त्या टीव्हीवर थोडासा बघितला आणि डोक्यातून जाईना. तुमच्या एवढ्या भाच्यांपैकी एकाला जरा थांबायला सांगा की.”

‘आमच्याकडे पाणी का नाही आलं?’ हे आबांनी जन्मभर ऐकलं होतं. तेव्हा निदान टाकी रिकामी असायची, सांगायला कारण असायचं. इथे कारण त्यांच्या घरच्या माळ्यावर ट्रंकेत पडलं होतं.

त्यांनी चारही डब्या तिच्याकडे सरकवल्या. “त्यातली हवी ती घ्या. बाकीच्याही नकोत मला.”

तिने एक घेतली, दोनदा आभार मानले आणि लगबगीने निघून गेली. आबा त्या उसवलेल्या खुर्चीत बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले: गेम मुलीचा आहे, भाचा एकही नाही, ट्रंक भरत आलीय.

“मला वाटलंच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय,” बाई म्हणाल्या.

सगळी हयात गळक्या पाइपांमागे हिंडण्यात गेलेल्या आबांना हे ऐकून असं काही हसू आलं की ठसकाच लागला. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

“रागावलात का?” आबांनी विचारलं.

“तुमच्यावर? तुम्ही रोख दिलेत. फसले मी, पुठ्ठा लावून.” बाई फडकं घडी करत म्हणाल्या, “तुमच्या मुलीला वाईट वाटतं त्यात तिचं काही चुकत नाही. माझ्या गल्ल्यातून तिच्याकडे काही जात नाही, हे खरंच आहे. पण माझ्याकडे दोन जुने विकणारा माणूस बहुतेक वेळा इथून सरळ मोठ्या दुकानात जातो आणि त्यात भर घालून एक नवा घेतो. नवा घेताना त्याच्या मनात असतं, नाही आवडला तर विकून टाकू. ती सोयच काढून टाकली, तर नवा घेतानाही त्याचा हात आखडेल.”

“मग बरोबर कोण?”

“ते मला कळलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या मुलीचा गेम माझ्याकडून घेऊन जो नवा घेत नाही, तोही असतोच. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.” मग त्यांनी टीव्ही सुरू केला. “तुम्ही खेळलात का कधी? नाही? या इकडे. घ्या हातात.”

आबांनी कंट्रोलर तापलेलं भांडं धरावं तसा धरला. पडद्यावर पहाट झाली. एक म्हातारा खांद्यावर चावी टाकून उतार चढू लागला, आणि चावी दगडावर आपटल्याचा जो आवाज आला तो ऐकून आबा चपापले. तो त्यांच्या स्वतःच्या चावीचा आवाज होता. आवाजवाला एकदा घरी येऊन, मागच्या अंगणात ती चावी आपटून काहीतरी रेकॉर्ड करून गेला होता खरा. म्हाताऱ्याला कुठे न्यायचं ते बाई सांगणार होत्या, पण आबांनी विचार न करता सगळ्यात वरची गल्ली गाठली. टाकी भरलेली असते तोवरच वरच्या घरांना पाणी चढतं, मागाहून नुसती हवा येते. पडद्यावर तसंच झालं. वरच्या नळांना धार लागली. लहानपणी खारू हट्टाने त्यांच्यामागे फिरायची, तेव्हा ‘आधी वरच का जायचं?’ म्हणून तिने भंडावून सोडलं होतं. तिने ते उत्तर जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. आबांना पुढचं काही वेळ दिसेना. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या, ते त्यांना बरंच वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही. खारू आधी भडकली. “सांगून टाकलंत? सगळं?” मग आबा लाँड्रीवालीबद्दल बोलले, आणि ती शांत झाली. “किती वेळा आली होती म्हणालात?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतल्या डब्या खोक्यात भरून ती स्वतःच दुकानात गेली. आबा सोबत होते. बाईंनी पुठ्ठा तिच्यासमोरच काढला, आणि डब्या परत घेतल्या त्या उतरलेल्या भावाने. “यात मी तुम्हाला सवलत देऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “मागू पण शकत नाही मी,” खारू म्हणाली. दोघी जरा अवघडल्या, मग बाईंनी विचारलं की गेममधल्या तिसऱ्या ऋतूत टाकी फुटते तेव्हा वाचवायचा काही मार्ग आहे का, गिऱ्हाइकं सारखी विचारतात. खारूला नाही म्हणवेना. तासभर दोघी टीव्हीसमोर बसल्या.

त्या तासाभरात खारूच्या डोक्यात एक कल्पना आली. डबी नवी असो की जुनी, ती ज्याच्या घरी आहे तो गेम खेळतोच आहे. मग त्याला पुढचा एक छोटा भाग स्वस्तात, थेट आपल्याकडून डाउनलोड करायला का देऊ नये? तिघांनी खपून तो भाग काढला. जुन्या डब्या घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो घेतला. लाँड्रीवालीनेही घेतला. खोलीचं भाडं काही महिने निघालं. फार काही उजाडलं असं नाही. आवाजवाल्याने पुढे जाहिरातींच्या कंपनीत नोकरी धरली, आणि त्याला कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या गेमच्या वेळी प्रोग्रामरने विषय काढला. आबा त्या दिवशी खोलीवर डबा घेऊन गेले होते.

“या वेळी डिस्क नकोच. नुसता डाउनलोड. मग कुणी कुणाला विकूच शकणार नाही. भानगडच मिटली.”

“थोड्या डिस्क काढू,” खारू म्हणाली.

“का? खर्च आपला, आणि फायदा त्या दुकानाचा?”

“पैसे मोजल्यावर वस्तू घेणाऱ्याची व्हायला पाहिजे. ज्याला ती विकता येत नाही, देता येत नाही, त्याच्याकडे नक्की काय आहे?”

“हे घरमालकाला ऐकव भाड्याच्या दिवशी.”

“मलाही ती काच बघून अजून बरं वाटत नाही,” खारू म्हणाली. “पण तरी.”

दोघी दोन दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. शेवटी प्रोग्रामर कबूल झाली ती एका अटीवर: डिस्कच्या खर्चाची तोंडमिळवणी खारूने करायची. खारूने आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत चित्रकला शिकवायचं काम धरलं. संध्याकाळी ती दमून यायची, आणि आबा तिला विचारायचे, “पटतंय ना तुला तुझं?” ती म्हणायची, “बहुतेक.”

नवा गेम आला तेव्हा लाँड्रीवालीने पहिल्याच दिवशी नवी डबी घेतली, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. तिने जुनी येईपर्यंत वाट पाहिली, दुकानवाल्या बाईंकडे नंबर लावला, आणि आबा रस्त्यात भेटले तेव्हा थांबून सांगितलं, “मुलीला सांगा हो, पहिल्यापेक्षा छान जमलाय. फक्त शेवट लवकर उरकलाय.”

आबांनी तो निरोप पोचवला. खारू आधी वैतागली, मग म्हणाली, “शेवटाचं मात्र तिचं बरोबर आहे,” आणि प्रोग्रामरला फोन लावायला उठली.