जमुनाची बोटं

जमुना हार ओवायला बसली की तिच्या तोंडाचा आणि हातांचा काही संबंध उरत नसे. तोंड नवऱ्याशी, म्हणजे सूर्यभानशी भांडत असायचं आणि बोटं आपली शेवंती ओवत असायची. चांदूर बाजारात त्यांचे हार सगळ्यांच्या आधी उठायचे ते या बोटांमुळे, सूर्यभानच्या गोड स्वभावामुळे नक्कीच नव्हे. पोरीच्या, दामिनीच्या लग्नातला हार मीच ओवणार, हे तिनं पोरगी पाळण्यात असल्यापासून सांगून ठेवलेलं.

पीडा एकच होती, अर्धशिशी. अर्धं डोकं ठणकायला लागलं की तिला उजेडही सोसायचा नाही. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, दुखायला लागलं की एक, आठवड्यात दोनदाच्या वर नाही. पण दसरा-दिवाळीच्या धंद्यात डोकं धरून बसायला सवड कुणाला? दोनाच्या चार झाल्या, मग रोज एक. आणि एखादा दिवस गोळी चुकली तर डोकं आणखीच उठायचं. सूर्यभान मेडिकलात रिकामी पट्टी दाखवायचा आणि नवी घेऊन यायचा. डॉक्टरची चिठ्ठी त्याच्याकडे कुणी कधी मागितली नाही.

एका दुपारी त्यानं मोबाइलवर पाहिलं की ही गोळी अरगटापासून निघते. अरगट त्याला ठाऊक होता. बाजरीच्या कणसाला चिकट पाणी सुटून काळे दाणे धरतात, ती बुरशी. इथवर ठीक होतं. पण मोबाइलातला माणूस पुढे म्हणाला की याच बुरशीच्या कुळातून एक जबर नशा बनवतात, माणसाला भिंती हलताना दिसतात. झालं. सूर्यभानचा जीव टांगणीला लागला. दामिनीला अकोल्याचं स्थळ चालून आलेलं, आणि पोरीची माय नशेची गोळी खाते हे तिकडे कळलं तर?

गोळी बंद कर म्हणावं तर तिचं डोकं उठणार. मग या शहाण्यानं बायकोवर पहारा बसवला.

"आज वार कोनता?"

"बुधवार. काहून, तुमाले नाई माईत?"

"भिंत हालून राह्यली काय?"

"भिंत नाई, तुमीच हालून राह्यले. फुलं आना."

जमुना पूर्ण शुद्धीवर होती, त्याच्यापेक्षा चौपट. आपण किती जपतो बायकोला, म्हणून तो मनातून खूश. मधे दोनदा ती म्हणाली, "बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या. गार पडतेत." फुलं पहाटेपासून ओल्या बारदानाखाली झाकलेली, हात दिवसभर पाण्यात, फूलवाल्याची बोटं गार नाही पडणार तर कुणाची पडतील? "हिव पडलं हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा तिचे डोळे तपासायला लागला.

दिवाळी झाली आणि जमुनाला ताप-खोकल्यानं धरलं. चांदूर बाजारच्या डॉक्टरांनी तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "दुसरी कोनती गोळी चालू हाय काय?"

बाकावर चार ओळखीची माणसं होती. त्यांत केशवराव, ज्यांनी अकोल्याचं स्थळ आणलं ते.

"नाई जी. कोनतीच नाई," सूर्यभान म्हणाला.

जमुनानं डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. थर्मामीटर निघालं तरी ती बोलली नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

डॉक्टरांनी तापासाठी अँटिबायोटिक दिलं. ते चालू होतं आणि डोक्याची गोळीही. चौथ्या दिवशी उजव्या हाताची बोटं निळी पडली, मग काळपट. ठणका असा की ती हात उशाखाली दाबून रडत होती. सूर्यभाननं तिला तशीच अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि आता त्यानं खिशातून पट्टी काढून दिली.

"नशा येते म्हनून सांगतलं नाई जी," तो खाली मान घालून म्हणाला.

"हिची नशा येत नाही, दादा," बाई म्हणाल्या. "त्या नशेचं आणि हिचं मूळ एक, पण चीज वेगळी. याच कुळातल्या दुसऱ्या काही औषधांनी कुणाकुणाला भास होतात, ते खरं. हिचा मोठा धोका हातापायांना आहे. ही रक्तवाहिन्या आवळते. रोज घेतली तर डोकंही रोज दुखायला लागतं. आणि ते अँटिबायोटिक हिला अंगातून निघू देत नाही, साठवत नेतं. त्या डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी ते दिलं नसतं."

डावा हात वाचला. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं पेरापासून काढावी लागली.

अकोल्याच्या सोयऱ्यांनी गोळीचं नावसुद्धा विचारलं नाही. उलट मुलाच्या आईनं जमुनाचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. ते पाहून सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसांना भिऊन त्यानं बायकोची बोटं घालवली होती.

लग्नाचा हार आता तोच ओवायला बसला. जमुना शेजारी. सवयीनं तिनं सुई उचलायला हात पुढे केला, सुई धरवेना, खाली पडली.

"मले बोल ना काई," तो म्हणाला. "शिव्या दे."

"काय देऊ? थर्मामीटर निंघाल्यावर मलेई तोंड होतंच ना. म्याच बोलाले पाह्यजे होतं."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं त्या झेलल्या असत्या. हे त्याला झेपेना. आयुष्यभर त्याच्याशी भांडलेली बाई, आणि नेमकं भांडायचं त्या दिवशी त्याची लाज राखून गप्प बसली होती. त्यानं सुई उचलली आणि ओवायला लागला. फुलं वेडीवाकडी बसत होती. डोळ्यांना दोराही धड दिसत नव्हता.

जमुनानं डाव्या हातानं हार उचलून पाहिला.

"आज वार कोनता?" तिनं विचारलं.

"शुक्रवार."

"लगन रयवारी हाय. उकला, अन् पुन्हा ओवा."