गोड्या विहिरीची नालीपट्टी

धामणखेड हे पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. मलकापूरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. जमीन काळीभोर, कपाशीला एक नंबर, पण पोटातलं पाणी खारं. कुठंही खणा, तोंडात धरवत नाही असं मचूळ पाणी लागायचं. अख्ख्या मधल्या गल्लीत पिण्याजोगं पाणी एकाच विहिरीला होतं, ती पंजाबरावांच्या अंगणातली. लोक तिला गोडी विहीर म्हणत. पंजाबरावांच्या वडिलांनी ती खणली, आणि बापलेकांपैकी कुणी कधी कुणाचा दोर अडवला नाही. पहाटेपासून अंगणात घागरींचा आवाज सुरू व्हायचा, तो दिवस डोक्यावर येईतो.

पंजाबरावांना एकच भाऊ, उद्धव. चौदा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच वर्षी पंजाबरावांचं लग्न होऊन शालूबाई घरात आली. पोरगी पंधरा वर्षांची. सासरी आल्यावर तिनं पहिलं काम कोणतं केलं असेल, तर विहिरीवर बसवून त्या रडक्या दिराला आंघोळ घातली. पुढं तिला एक मुलगी झाली, कोकिळा. मुलगा झाला नाही, पण त्याची खंत तिनं केली नाही. "माहा बापू हाय ना," म्हणायची. उद्धवला ती कधी नावानं हाक मारत नसे. बापूच म्हणे.

उद्धव हुशार निघाला. नागपूरला इंजिनेरीच्या शाळेत शिकला आणि ओव्हरसियर होऊन आपल्याच गावचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत नोकरीला लागला. शालूबाईनं गल्लीत घरोघर साखर वाटली.

उद्धवच्या मनात लहानपणापासून एक गोष्ट सलत होती. मधल्या गल्लीतून सांडपाण्याचा एक उघडा ओहळ वाहायचा. पावसाळ्यात त्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात माशांचं मोहोळ. दर दोन-चार वर्षांनी पटकी यायची आणि एक-दोन घरं ओस पाडून जायची. नोकरीला लागल्या लागल्या त्यानं पक्क्या नालीचा नकाशा काढला. कमिटीनं तो मंजूर केला आणि ठरवलं की निम्मा खर्च गल्लीतल्या घरवाल्यांनी द्यायचा. ज्याच्या अंगणात विहीर, त्याला पट्टी दीडपट, कारण तिथं पाणी जास्त सांडणार. हे विहिरीचं कलम उद्धवनंच लिहून दिलं होतं. लिहिताना त्याला आपल्या घराची आठवण झाली. पण घरच्यासाठी कलम गाळणं हीच बेइमानी, असं त्याला वाटलं.

चपराशी नोटीस देऊन गेला. पंजाबरावांनी दिवसभर ती पगडीत खोचून ठेवली आणि जेवताना ताटाशेजारी काढून ठेवली.

"हे काय बे, उद्धवा? पानी सारी गल्ली भरते, अन् जादा पट्टी माह्या एकट्याच्या डोक्यावर?"

"दादा, नियम साऱ्याइले सारखा हाय. घरच्याले सूट देली तं लोक काय म्हणतीन?"

"मी लोकाइपासून पानी भराचे पैसे घेतो का? मंग कमिटी माह्यापासून काऊन घेते?"

शालूबाई भाकर थापता थापता थांबली. "पट्टीचं जाऊ द्या एका बाजूले. बापू, ते नाली तू इहिरीच्या एवढ्या जवळून काऊन नेऊन राह्यला?"

"गल्लीचा उतारच तिकडून हाय, वयनी. अन् नाली पक्की हाय, दगड-चुन्याची. थेंब बी झिरपनार नाई."

"अन् माती फाटते ते? पाऊस कमी झाला का वैशाखात अंगनात माणसाचा पाय जाईन एवढी भेग पडते. मंग तुह्या दगडाले कोन धरून ठेवनार?"

उद्धव हसला. त्यात कुजकेपणा नव्हता. लहान पोरानं चंद्र मागितला की मोठी माणसं हसतात, तसा हसला. "वयनी, हे पुस्तकात असते सारं," तो म्हणाला.

पंजाबरावांनी हरकत दिली. कमिटीनं ती फेटाळली. मग ते मलकापूरचे वकील लक्ष्मीकांत यांच्याकडं गेले. वकिलांनी कागद पाहिले आणि बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरांकडं अपील लावलं. मागणी दोन गोष्टींची : विहिरीवरची जादा पट्टी काढावी, आणि नाली गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं न्यावी.

तारखेच्या दिवशी दोघं भाऊ एकाच घरातून, एकाच गाडीतून निघाले. मलकापूरला एकाच सर्व्हिस मोटारीत शेजारी बसले. शालूबाईनं शिदोरी एकच बांधली होती. दोन फडकी कशाला, असं तिला वाटलं असावं. कचेरीबाहेर लिंबाखाली बसून दोघांनी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. पुकारा झाला तेव्हा एक भाऊ अपिलवाल्याच्या बाजूला उभा राहिला आणि दुसरा कमिटीच्या.

लक्ष्मीकांत वकिलांनी उद्धवला प्रश्न केले.

"विहिरीपासून नाली किती फुटांवर येते?"

"अकरा."

"तिथली माती खणून पाहिली?"

"गरज नव्हती."

"उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे?"

"भेगा शेतात पडतात. वस्तीतली माती वर्षानुवर्षं दबलेली असते."

"हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"मी शिकलोय साहेब."

पंजाबराव मागून उठून उभे राहिले. "त्याले शिकवलं मीनंच, साहेब," ते म्हणाले. कचेरीत हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. पंजाबरावांना मात्र विनोद करायचा नव्हता. पुढं काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण हशा ओसरेपर्यंत ते त्यांच्याच ओठावर राहिलं आणि ते खाली बसले.

अपील फेटाळलं गेलं. जाणकार नोकराची साक्ष विश्वासार्ह आहे, असं निकालात म्हटलं होतं.

परतताना राजूरच्या घाटात गार वारा सुटला. उद्धव खिडकीकडं तोंड करून बसला होता. भावाकडं पाहायची त्याला हिंमत होईना. पंजाबरावांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली.

"हरलो त हरलो," ते म्हणाले. "पन तू फर्डा बोलला बे. साहेब तुह्याच तोंडाकडे पाहत व्हता."

नाली झाली. पंजाबरावांनी पट्टी एकरकमी भरली आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाही. दोन वर्षं सगळं नीट चाललं. गल्ली कोरडी राहिली, माश्या हटल्या. लोक उद्धवला रस्त्यात थांबवून दुवा देत. शालूबाईही कुणाजवळ म्हणाली, "माह्या बापूनं गल्लीचं सोनं केलं."

तिसऱ्या वर्षी पाऊस उघडला तो उघडलाच. उन्हाळा फाल्गुनातच सुरू झाला आणि वैशाखात अंगणातली माती खरंच फाटली. एक दिवस शालूबाई पहाटे पाणी शेंदून आली आणि तांब्या उद्धवच्या नाकाशी धरला.

"वास येते का रे बापू?"

उद्धवनं वास घेतला. थोडा कुबट होता. "पानी खाली गेलं, वयनी. गाळाचा वास हाय. मी लाल दवा टाकतो."

त्यानं स्वतः कमिटीच्या कचेरीतून जंतू मारायची ती दवा आणली आणि विहिरीत सोडली. पाणी गुलाबी झालं, मग निवळलं. गल्लीतल्या दोन-चार बाया तरी घागरी घेऊन परत गेल्या. पाणी चांगलं नाही म्हणाल्या. शालूबाई त्यांच्यासमोर ओंजळभर पाणी प्याली. "माह्या बापूनं दवा टाकली हाय," ती म्हणाली. "आता काय भेव?"

आठ दिवसांनी तिला ताप भरला. आधी उन्हाचा वाटला. मग उतरेचना. मलकापूरहून डॉक्टर आणले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विषमज्वर म्हणून सांगितलं. पाणी कुठलं पिता, असंही विचारलं. पंजाबरावांनी अंगणाकडं बोट केलं. उद्धव तिथंच उभा होता.

डॉक्टर गेले तसा तो सब्बल, लोखंडी पहार, घेऊन बाहेर आला. मजूर बोलावले नाहीत. अंगणासमोरची नालीची फरशी त्यानं एकट्यानं उचकटली. तळाचे दोन दगड एकमेकांपासून सुटले होते. मध्ये काळ्या मातीत उभी भेग होती. त्यानं हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. आतली माती ओली होती. भेग सरळ विहिरीच्या दिशेनं गेली होती.

एकोणीस दिवस तो तिच्या उशाशी बसला. कोकिळा डोणगावहून, तिच्या सासरहून, आली होती. ती आईच्या कपाळावर ओली पट्टी बदलायची आणि काकाकडं पाहायची नाही. शालूबाई ग्लानीत होती. एकदा दुपारी डोळे उघडून तिनं विचारलं, "बापू, जेवला का?"

"हाव वयनी," तो म्हणाला. तो जेवला नव्हता.

"वयनी, नाली फुटली," तो पुढं म्हणाला. "तू म्हणत व्हती तशीच. माह्यानं झालं हे."

तिनं मान त्याच्याकडं वळवली. ऐकलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. मग ती म्हणाली, "ताक हाय शिंक्यावर. भाकरीसंगं घेजो." विसाव्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर उद्धवनं कमिटीला लेखी अहवाल दिला. नालीची रेघ चुकली, माती पाहिली नाही, साक्ष चुकीची दिली, सगळा दोष माझा. कमिटीनं तो दाबायचा प्रयत्न केला. तेव्हा तो आपल्या पायांनी लक्ष्मीकांत वकिलांकडं गेला आणि भावाच्या नावानं नवा अर्ज लावायला त्यांना विनवलं. भावाचं जुनं वकीलपत्र त्यांच्याकडं होतंच. बुलढाण्याला पुन्हा तारीख पडली. या वेळी त्यानं साक्ष स्वतःविरुद्ध दिली. जादा पट्टी रद्द झाली, तिची भरलेली रक्कम परत द्यायचा हुकूम निघाला, नाली दुसऱ्या बाजूला न्यायचं ठरलं. विहीर आरोग्य खात्याच्या हुकमानं बुजवण्यात आली. उद्धवची नोकरी गेली. ती जाणार, हे त्याला ठाऊकच होतं.

या सगळ्यात पंजाबराव कुठंच नव्हते. बायकोचा तेरावा झाला त्या संध्याकाळीच ते कोकिळेबरोबर डोणगावला निघून गेले होते. उद्धव निकालाची नक्कल घेऊन तिकडं गेला. पंजाबराव ओट्यावर बसले होते. दाढी वाढली होती. "वाच," ते म्हणाले. उद्धवनं वाचून दाखवलं.

"इहीर?" पंजाबरावांनी विचारलं.

"बुजवली."

"बरं केलं."

"दादा, मले शिव्या दे. मार पाहिजे तं. असा गप नोको बसू."

पंजाबरावांनी मान हलवली. "तुले वाढवलं तिनं. शिव्या द्याचा हक बी तिचाच व्हता," ते म्हणाले. मग उठून आत गेले.

उद्धव चिखलीकडं रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून राहिला. दर अमावास्येला काम बंद असलं की तो डोणगावला जाई. भाऊ त्याला बसायला सांगत, पीकपाणी विचारत, पण शालूबाईचं नाव दोघांच्याही तोंडातून निघत नसे. असं वर्षभर चाललं. एके दिवशी तो निघाला तशी कोकिळा त्याच्या मागोमाग वेशीपर्यंत आली. आई गेल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"काका, एक सांगू? राग नोका मानू."

"सांग बाई."

"तुम्ही येत नोका जाऊ." तिनं पदर तोंडाला लावला. "तुम्ही आले का बाबा हासून बोलतात. अन् तुम्ही गेले का दोन-दोन दिवस जेवत नाईत. पान्याचा तांब्या समोर ठेवला तं नुसते पाहत राहतात. मले नाई पाहवत."

उद्धव उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला.

पंजाबराव त्यानंतर नऊ वर्षं जगले. चिखलीहून डोणगावला जाणाऱ्या गाडीवानाच्या हाती उद्धव दर संक्रांतीला तीळगूळ पाठवी, आणि गाडीवान परतला की त्याला एवढंच विचारी, "दादा जेवतात ना?"