आडनाव : कित्ते

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पूर्वज शोधायला येणारा प्रत्येक जण सरदाराचा वंशज असतो. गवंड्याचा, धोब्याचा म्हणून कुणी येत नाही. मग तेव्हा भिंती कुणी बांधल्या आणि कपडे कुणी धुतले, देव जाणे!

कित्ते आत्या आणि त्यांचा भाचा आले, तेव्हा भाच्याने छापून आणलेला वंशवृक्ष माझ्या टेबलभर पसरला. वर तलवारीचं चित्र, खाली हे महाशय आणि मध्ये नुसती प्रश्नचिन्हं.

"घराणं लढवय्यांचं असणार," तो म्हणाला.

"असेल. आधी कोपर उचला, रजिस्टरवर आहे," मी म्हटलं.

आत्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ इतकी ताठ की मीच खुर्चीत सावरून बसले.

"मला तलवार नको, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांना चौथ्या वर्षी इथल्या बालकाश्रमातून लांबच्या आश्रमात पाठवलं. ते म्हणायचे, मला थोरला भाऊ होता. त्याचं बोट सुटलं आणि तो मला विसरला. जाईपर्यंत हेच म्हणत होते. भाऊ खरंच होता का, आणि विसरला का, एवढंच बघा."

पुरावा एकच, बदलीची चिठ्ठी. नाव : धाकटा. आडनाव : कित्ता. त्याचंच पुढे कित्ते झालं.

"शाळेतली पोरं चिडवायची," आत्या हसल्या. "कित्तेबाई आल्या, कित्ता गिरवा!"

दोन दिवस मी सूचीतला 'क' पिंजून काढला. कित्ते औषधालाही सापडेना. आश्रमाच्या मूळ वह्या जीर्ण झालेल्या. सूचीत नाव असल्याशिवाय त्या काढायच्या नाहीत, असा नियम. नियम माझाच, त्यामुळे मोडायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची परतीची गाडी होती. निदान पुढचा शोध पत्राने कळवता यावा म्हणून मी दोघांच्या नावाचा अर्ज भरायला दिला. वर आत्यांचा पत्ता भाच्याने व्यवस्थित लिहिला. खाली स्वतःच्या रकान्यात लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

माझं डोकंच फिरलं. "अहो, वरीलप्रमाणे काय? उद्या वरचा भाग फाटला तर तुम्हाला शोधायचं कुठं? पूर्ण लिहा! जुन्या कारकुनांची हीच खोड. 'वरीलप्रमाणे' लिहायचासुद्धा कंटाळा, नुसतं 'कित्ता' खरडायचं आणि..."

बोलता बोलता मी थांबले.

"बाई, बरं वाटत नाही का?" आत्यांनी विचारलं.

"कपाळ माझं! काखेत कळसा आणि गावाला वळसा! आत्या, हे आडनाव नाहीच. कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे. वरच्या ओळीत कुणीतरी आहे!"

नियम गेला चुलीत. मी मूळ वही काढली, चिठ्ठीवरची तारीख गाठली. बेचाळिसावी ओळ : धाकटा, कित्ता, वय चार. एकेचाळिसावी : थोरला, सुतार, वय नऊ.

"सुतार?" भाच्याने वंशवृक्षाकडे पाहिलं.

"तलवार म्यान करा आणि रंधा घ्या हातात," मी म्हटलं.

आत्या हसल्या नाहीत. "म्हणजे भाऊ होता," त्या म्हणाल्या. "पण विसरला का?"

शेवटचा रकाना शेऱ्याचा. थोरल्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आश्रम सोडला. भावाचा पत्ता विचारण्यास आला. बदलीच्या यादीत सुतार नावाचा मुलगा नाही, असे सांगून परत पाठविले.'

कसा असेल? यादीत तो कित्ता होता ना!

खाली पुढच्या वर्षाची तारीख आणि एक शब्द : 'कित्ता.' त्याखाली त्याच्या पुढच्या वर्षाची : 'कित्ता.' रकाना संपला, तेव्हा कारकुनाने कागदाची पट्टी डकवून खाली लिहिलं होतं. आत्या हजेरी घेतल्यासारखं एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. एकोणीस वर्षं थोरला येत राहिला होता.

"नाही हो बाबा," आत्या त्या कागदालाच म्हणाल्या, "नव्हता विसरला." मग त्या रडल्या. मी कुणापुढे रडत नाही, पण त्या दिवशी रडले. भाचा तर आमच्याही आधीपासून नाक ओढत होता.

जरा वेळाने त्याने विचारलं, "आत्या, मग आता आडनाव सुतार करून घ्यायचं का?"

"खबरदार!" वर्गातला आवाज होता तो. "कित्तेच राहायचं. माझ्या काकांनी एकोणीस वर्षं गिरवलंय ते."

भाच्याने मुकाट्याने अर्ज पुढे ओढला आणि 'वरीलप्रमाणे' खोडायला पेन उघडलं.

"राहू दे रे," मी म्हटलं. "चालतं."