साठ ग्रॅमची साक्ष

सभागृहाबाहेरची रांग इतकी लांब होती की शेवटच्या माणसाला आपण कशासाठी उभे आहोत हेही धड ठाऊक नव्हतं. आत महाराज सोनं भारून देत होते. झाकणबंद मुशीत दागिने, खाली भट्टी, भोवती धूर. तासाभराने पिवळीधमक गोळी बाहेर. ती चाळीस दिवस उशाशी ठेवायची, की दुखणी पळाली! मग खुशाल पुन्हा दागिने घडवा.

"गुंजभर वजन घटलं तर ही दाढी उतरवीन!" महाराज गरजले. "काटा तुमचा, सरही तुमचेच!"

हे सर म्हणजे शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, एवढी एकच अंधश्रद्धा त्यांनी आयुष्यभर जपली होती. बायकोच्या गुडघ्यांसाठी त्यांनी तिच्या आईच्या चार बांगड्या स्वतः तोलल्या आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात पुकारलं, "साठ ग्रॅम!" गोळीही साठच भरली. 'विज्ञानाच्या कसोटीवर सिद्ध' अशी त्यांनी लेखी साक्ष दिली आणि रांग दुप्पट झाली.

घरी बायकोने गोळी तळहातावर फिरवली.

"अहो, सोनं वितळवलं की फुगतं का?"

"काहीतरीच! वजन बघ, वजन."

"वजन राहू द्या. ही केवढी मोठी आहे! आईची माझ्याकडे दुसरी काही आठवण नाही हो."

सर हसायला गेले आणि मधेच थांबले. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: वस्तुमान भागिले आकारमान, म्हणजे घनता. नुसतं वजन करून येणाऱ्या पोरांना ते म्हणायचे, "मोजपात्र काय शोभेला ठेवलंय?"

त्यांनी कपाटातून मोजपात्र काढलं. पाणी वीस मिलिलिटर. गोळी टाकली, पाणी सत्तावीसवर. साठ भागिले सात, जेमतेम साडेआठ! दागिन्यांच्या सोन्याची घनता याच्या दुप्पट. पाणी साडेतीनच्या वर चढायलाच नको होतं. हे तर चक्क पितळ. सरांनी आणखी दोनदा मोजलं. स्वतःचा मूर्खपणा एका प्रयोगात कोण मान्य करतो?

"आता काय तोंड दाखवू? सही माझी आहे."

"मग तोंडही तुमचंच आहे ना? चला, अजून माणसं रांगेत आहेत."

सर गेले, टेबलावर चढले. "मंडळी, थांबा! इथला पहिला गाढव मी." त्यांनी सर्वांसमोर पुन्हा मोजून दाखवलं.

"भक्तीने सोनं फुगतं!" महाराज ओरडले.

"मग वजन का नाही फुगलं?" म्हणत रांगेतल्या एका सोनाराने भट्टीखालचा पडदा ओढला. तिथे हुबेहूब तशीच दुसरी मूस होती आणि तिच्यात बांगड्या, जशाच्या तशा. पडद्यामागे शिष्य कानस घेऊन पितळ घासत बसला होता. वजन पुकारलं जाताच तेवढ्याच वजनाची गोळी तयार व्हायची आणि धुराआड मुशी बदलल्या जायच्या. वजन पुकारत कोण होतं? आपले सर!

बायकोने बांगड्या हातात चढवल्या आणि थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जायला निघाली. तिच्यामागून जाताना सर रांगेकडे वळून म्हणाले, "मी शिकलेला आहे म्हणून माझं ऐकलंत. माझंसुद्धा ऐकू नका. मोजून बघा. आणि मोजताना जे मोजायचं राहिलं असेल, ते आधी मोजा."